एकशे सतरा नंबरची प्लेट

३ जून

प्रिय ताई,

तब्येत बरी असेल असं धरून चालतो, कारण आजारी पडलीस तरी तू कुणाला कळवणार नाहीस.

संस्थेला पंचाहत्तर वर्षं होताहेत, त्यानिमित्त एक ग्रंथ निघतोय. त्यातलं ‘अणूमधला अनुनाद : एका कल्पनेची वाटचाल’ हे प्रकरण माझ्याकडे आलं. निवृत्त विभागप्रमुखाला दुसरं काम तरी काय असतं! मुद्रितं सोबत पाठवतोय. तूही इथे तीन वर्षं वर्णपटांचे फोटो असलेल्या काचेच्या प्लेटा मोजल्या आहेस, वाचताना जुने दिवस आठवतील, जरा गंमत वाटेल.

सुरुवात झोक्यापासून केलीय. झोक्याला त्याच्या लयीत हात दिला तर तो उंच जातो, लय चुकली तर नुसताच हात दुखतो. जुन्या लोकांना अणूतला इलेक्ट्रॉन असाच झोक्यावर बसलेला वाटायचा. मग पुंजसिद्धान्त आला. झोका गेला, पायऱ्या आल्या. दोन पायऱ्यांमधल्या अंतराशी नेमकी जुळणारी ऊर्जा असेल तरच अणू प्रकाश गिळतो, हाच अनुनाद. त्याचा आलेख काढला की मधे शिखर आणि दोन्ही अंगांना सारखा उतार. पुढे काही वायूंमध्ये मात्र एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला लांब उतार असे एकांगी अनुनाद दिसले, आणि ते असे का, हे उलगडायला बरीच वर्षं गेली. ती सगळी गोष्ट प्रकरणात आहे.

नावं कुणाचीच घातलेली नाहीत, फक्त हुद्दे. पंचवीस जुलैला मजकूर छापायला जाईल. शुद्धलेखनाच्या चुका दिसल्या तर कळव.

तुझा
बोरू


८ जून

बोरू,

शुद्धलेखन ठीक आहे. आता पान बारा, तिसरा परिच्छेद. तू लिहितोस: ‘याच सुमारास आमच्या प्रयोगशाळेलाही एकांगी अनुनादाचा शोध लागला असता, परंतु मोजणी-सहायिकेने नोंदींत मागाहून फेरफार केल्याचे आढळल्याने तो पुरावा बाद करावा लागला.’

त्या काळी प्रयोगशाळेत मोजणी-सहायिका एकच होती. घरात एकच बाई असताना ‘घरातल्या बाईने दूध नासवलं’ असं लिहिलं, तर नाव लिहायची गरज उरते का रे? आणि नाव घातलं नाहीस म्हणून मी काय उपकार मानू?

मी एक आकडा बदललेला नाही. खोडावं लागलं तर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता येईल अशी, आणि बाजूला तारीख. तीन वर्षांत माझ्या वहीत अशा नऊ रेघा आहेत. प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणून सरांनी मला खोलीत बोलावलं आणि दार उघडं ठेवून विचारलं, वही कधी बदललीस? बाहेर काचेच्या नळ्या फुंकणारे मामा हातातलं काम थांबवून ऐकत होते. तू तुझ्या टेबलावर होतास, दहा पावलांवर. मी दोनदा सांगितलं की बदललेली नाही. तिसऱ्यांदा सांगितलं नाही, कारण खऱ्याला तीनदा सांगायला लागू नये.

तेव्हापासून चव्वेचाळीस वर्षं चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत भिंगं घासतेय. इथे पाव नंबर चुकला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी डोकं धरून परत येतं. किती आले ते माझ्या एका हाताच्या बोटांवर मोजता येतील.

तुझी आई गेल्यावर माझ्या आईने तुला घरात घेतलं. सरांकडे शब्द टाकून आकृत्या काढायच्या कामाला तुला मी लावलं. लिहिण्याआधी निदान विचारायचं होतंस.

ते वाक्य काढ.

ताई


१३ जून

प्रिय ताई,

तू तडकशील हे ठाऊक होतं, पण इतकी तडकशील असं वाटलं नव्हतं.

मला तुझ्याबद्दल काय वाटतं ते मी वेगळं सांगायला नको. पण इतिहास लिहिणाऱ्याला कागद धरून चालावं लागतं. सरांचा अहवाल दप्तरात आहे, त्यात फेरफाराचा उल्लेख आहे. आमच्या छापील लेखात अनुनादाची आकृती दोन्ही अंगांना सारखी, आणि तुझ्या वहीतले आकडे एकांगी, हेही कागदावरच आहे. दुसऱ्या एका प्रयोगशाळेने मूळ आकडे मागितले, तेव्हा ही विसंगती उघडी पडली. मी ती कशी गाळू? हे प्रकरण तज्ज्ञ वाचणार आहेत.

सर कठोर होते, मान्य. माझ्याशीही होते. पण आता ते नाहीत. जुनं उकरून तुला काय मिळणार? हे पुस्तक तुझ्या गल्लीत कोण वाचणार आहे? झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ते काही उगीच नाही.

आणि तपासून बघायचं म्हटलं तरी आता काही उरलेलं नाही. इमारत बदलली तेव्हा जुन्या प्लेटा फेकून दिल्या.

राग सोडून दे. तुझ्या रक्तदाबाला बरा नाही.

बोरू


१७ जून

बोरू,

माझा रक्तदाब उत्तम आहे. भिंग घासणाऱ्या माणसाचा हात स्थिर लागतो.

मूठ झाकायची ती ज्याच्या मुठीत काही असतं त्याने. माझ्या मुठीत काय आहे ते ऐक, कारण विभागप्रमुख होऊन तू विसरलेला दिसतोस.

मी प्रत्येक प्लेट दोनदा मोजायची. आधी डावीकडून उजवीकडे, यंत्राचा स्क्रू अर्धा-अर्धा घर फिरवत, प्रत्येक थांब्याला काळेपणा टिपत. मग प्लेट यंत्रावर उलटी फिरवून ठेवायची आणि पुन्हा पहिल्यापासून. स्क्रूची ढिलाई असो, डोळ्याची खोड असो, दोन मोजण्यांत पकडली जाते. दोष यंत्राचा असता, तर प्लेट फिरवल्यावरही कडा यंत्राच्या त्याच बाजूला दिसली असती. एकशे सतरा नंबरच्या प्लेटवर कडा प्लेटबरोबर फिरली. म्हणजे ती प्लेटवर होती. म्हणजे ती वायूत होती. हे मी सरांना दवाखान्यात जाऊन सांगितलं होतं. अपेंडिक्स काढून पडले होते. म्हणाले, ‘टाके उसवतील, हसवू नकोस. अनुनाद कधी वाकडा असतो का?’ नाचता येईना अंगण वाकडं हे ऐकलं होतं. सरांना अंगण सरळच हवं होतं, नाचणारी वाकडी असली तरी चालणार होती.

मग लेख छापून आला आणि त्यात आकृती सरळ. मी तेव्हाच ओळखलं. सरांनी ती सुबक करून घेतली आणि अंगाशी आल्यावर माझ्यावर ढकलली.

सहा वर्षांनी सिद्धान्त आला. दुकानात जेवणाच्या सुट्टीत मी तो लेख वाचला. इलेक्ट्रॉनला अणूबाहेर पडायला दोन वाटा असतात. एक थेट, दुसरी मधे एका पातळीवर घटकाभर टेकून. दोन्ही वाटांच्या लाटा एका अंगाला एकमेकींना उचलून धरतात, दुसऱ्या अंगाला एकमेकींना पाडतात. म्हणून एकीकडे उतार, एकीकडे कडा. मी मोजलेली कडा! पोळी हातात तशीच राहिली. त्याच महिन्यात सरांचं पाकीट आलं. मी ते न उघडता परत पाठवलं. चोराचं पत्र कशाला वाचायचं?

आता प्लेटांचं. ग्रंथाच्या संपादक बाईंना मी दुकानातून फोन केला. प्लेटा फेकलेल्या नाहीत. तळघराच्या भांडारात लाकडी पेट्यांमध्ये आहेत आणि जुनं यंत्र दाखवण्याची वस्तू म्हणून वर काचेत ठेवलंय. बाई म्हणाल्या, या, बघा. चोवीसला जातेय.

ताई


२० जून

प्रिय ताई,

हे पत्र चोवीसच्या आत मिळावं म्हणून घाईत लिहितोय. जाऊ नकोस. तळघराचा जिना मोडका आहे, दिवा नाही, धूळ तर विचारू नकोस. प्लेटांबद्दल माझी समजूत चुकीची होती, सोड.

मी विचार केला. तू म्हणतेस ते बरोबर असावं. ‘सहायिकेने’ हा शब्दच काढतो. त्याऐवजी असं लिहितो: ‘प्रयोगशाळेच्या तत्कालीन प्रमुखांनी आकृती सुबक करण्याचा आग्रह धरल्याने एक महत्त्वाचा पुरावा झाकला गेला.’ सरांच्या मागे कुणी नाही, कुणाला वाईट वाटायचं कारण नाही. तुझं नाव हवं तर पूर्ण घालतो, दोन चांगली विशेषणं लावून. तुला हवं होतं ते सगळं यात आलं ना?

संपादक बाईंना मीच कळवतो. तू त्रास घेऊ नकोस.

तुझा
बोरू


२९ जून

बोरू,

जिना दगडी आहे. दोन दिवे आहेत. पेटीवर माझ्याच अक्षरात नंबर आहेत.

तुझं वीस तारखेचं पत्र जायच्या आदल्या दिवशी मिळालं. खोटं कशाला बोलू, वाचून मला बरं वाटलं. चव्वेचाळीस वर्षांनी कुणीतरी म्हणालं की चूक सरांची. पत्र पर्समध्ये घालून गेले. मोजायची गरज उरली नव्हती. पण प्लेट दिसली आणि राहवलं नाही. संपादक बाईंनी यंत्र काचेतून बाहेर काढून दिलं, त्याचा स्क्रू मी तेल घालून सोडवला. दोन दिवस मोजलं. सुलट आणि उलट. आकडे माझ्या वहीशी जुळतात. तिसऱ्या दशांशात कुठे कुठे एखाद्या घराचा फरक, तो म्हातारपणाचा धर.

मग मी छापील आकृती भिंगाखाली घेतली. शिखराच्या उजवीकडे अकराव्या जागी एक ठिपका जरा वर चढलाय. तो मला आठवतो. तिथे प्लेटवर धुळीचा कण आहे, अजूनही आहे. आणि शिखराच्या डावीकडे, अकराव्याच जागी, एक ठिपका तितकाच वर चढलाय. प्लेटवर डावीकडे कण नाही. डावीकडे कडा आहे!

प्लेटच्या पाकिटात मूळ आकृतीही आहे. छापखान्याकडून परत आलेली. मी ती दिव्यासमोर धरली. शिखरातून खाली बरोबर मधोमध घडी. उजव्या अंगाच्या प्रत्येक ठिपक्यात टाचणीचं भोक, डाव्या अंगाच्या प्रत्येक ठिपक्यात टाचणीचं भोक. सोळा आणि सोळा. कागद दुमडून उजवं अंग डावीकडे टोचून घेतलंय. खाली कोपऱ्यात काढणाऱ्याची सही आहे. लहानशी, ऐटबाज. मीच तुला शिकवलं होतं, आकृतीखाली सही करावी म्हणून.

सर तेव्हा दवाखान्यात होते. टाके होते पोटात. त्यांना टाचणी कुणी दिली असेल?

आणि वीस तारखेला तू मला तो मेलेला माणूस देऊ करत होतास! वर विशेषणं! मला वाटलं तू माझी बाजू घेतोयस. मी ते पत्र दोनदा वाचलं रे. लाज नाही वाटली? मी सरांना चव्वेचाळीस वर्षं चोर म्हटलं, सगळ्यांना सांगितलं, माझ्या मुलीला सांगितलं, आणि तू दर सणासमारंभाला आमच्याकडे जेवून मान डोलावत होतास!

सगळं लिही. काय झालं, कसं झालं. आणि माझ्याकडून परत गेलेल्या त्या पाकिटात काय होतं, ठाऊक असेल तर तेही.


९ जुलै

दहा दिवस झाले.

मूग गिळून बसायची तुझी सवय मला आता ठाऊक झालीय. पंचवीसच्या आत लिहिलं नाहीस तर आकृती संपादक बाईंच्या टेबलावर जाईल. दिव्यासकट.


१२ जुलै

ताई,

आकृती शुक्रवारी दुपारच्या टपालाने जायची होती. मी ती सकाळी पूर्ण केली होती, तुझ्या आकड्यांवरून, कडेसकट. मग दौतीला कोपर लागलं. शाई डाव्या अंगावर पसरली. नवीन काढायची तर डावीकडचे सोळा ठिपके पुन्हा मोजून मांडायचे, आणि वही तुझ्या खणात, खणाला कुलूप, तू सरांकडे दवाखान्यात. मला वाटलं, अनुनाद दोन्हीकडे सारखाच असतो. पुस्तकात तसंच होतं. तुझी कडा ही प्लेटची खोड असणार. उजवं अंग कोऱ्या कागदावर उतरवलं, कागद दुमडला आणि टोचलं. वीस मिनिटं लागली. सरांनी छापलेली आकृती पाहिली आणि खूश झाले. म्हणाले, बघ, पुन्हा मोजल्यावर आलं ना सरळ.

मग आकडे मागवणारं पत्र आलं. सरांनी आधी मला विचारलं. ‘तुला जे आकडे दिले तेच मांडलेस?’ मी हो म्हणालो. एवढंच बोललो. बाकीचं त्यांनी ठरवलं. त्यांनी तुला बोलावलं तेव्हा उठावं असं मला वाटलं होतं. माझं परदेशी शिक्षणाचं पत्र त्या महिन्यात यायचं होतं. मी उठलो नाही.

पुढे तीस वर्षं मी तोच एकांगी अनुनाद वर्गात शिकवला. फळ्यावर कडा काढताना दर वेळी तुझी आठवण यायची, असं लिहिलं तर तुला ते ढोंग वाटेल. काही वेळा यायची.

पाकीट परत आलं तेव्हा मी सरांच्या खोलीत होतो. त्यांनी ते माझ्यासमोर फोडून मला वाचायला दिलं. तीन ओळी होत्या. ‘तुमची कडा खरी होती. आकृतीत काय झालं ते मला कळत नाही, तुम्ही येऊन मला दाखवा. जागा ठेवली आहे.’ त्यांनी ती जागा एक वर्ष भरली नाही. मला म्हणाले, ‘तुझी बहीण आहे, तू सांगून बघ.’ मी म्हणालो, सांगतो.

सांगितलं नाही. तू आली असतीस तर पहिल्याच दिवशी कागद दिव्यासमोर धरला असतास.

क्षमा मागायला तोंड नाही. प्रकरण मागे घेतो म्हणून कळवतो. हात कापतो, म्हणून अक्षर असं आलंय.

बोरू


१६ जुलै

बोरू,

तुझं पत्र मी दुकानात वाचलं, यंत्र चालू असताना. एक भिंग वाया गेलं. पहिल्यांदा.

शाई सांडली, ते माफ. माणसाच्या हातून दौत सांडते. दुमडलंस, तेही कदाचित माफ केलं असतं, एकोणीस वर्षांचा होतास आणि पुस्तकात तसं लिहिलं होतं. पण ‘सांगतो’ म्हणून सांगितलं नाहीस, ते नाही. सर एक वर्ष रिकाम्या खुर्चीकडे बघत बसले आणि मी इथे त्यांना शिव्या घालत काचा घासत बसले. दोन माणसं तू एकमेकांपासून तोडून ठेवलीस, आणि दोघांच्या मधे बसून मोठा झालास. सरांकडे आता मी कुठल्या पत्त्यावर लिहू?

प्रकरण मागे घ्यायचं नाही. खबरदार. पळून जायचे तुझे दिवस संपले. तू मागे घेतलंस तर दप्तरात सरांचा अहवाल तसाच राहील आणि पुढचा कुणीतरी शहाणा तोच उतरवेल. पान बारावर असं जाईल: अनुनादाची कडा मोजणी-सहायिकेने प्लेट क्रमांक एकशे सतरावर सुलट-उलट मोजून नोंदवली होती, आकृती काढणाऱ्याने डावे अंग गाळून उजवे तिथे टोचले आणि विचारल्यावर खोटे सांगितले, तो आकृती काढणारा म्हणजे या प्रकरणाचा लेखक. माझं नाव पूर्ण. तुझंही पूर्ण. सरांबद्दल एवढंच, की त्यांनी चूक कबूल करून बोलावलं होतं आणि निरोप पोचू दिला गेला नाही. विशेषणं नकोत. संपादक बाईंना मजकूर मी वाचून दाखवलाय. तू त्यांना शिकवलंयस म्हणे. त्यांनी तो मला पुन्हा एकदा वाचायला लावला. मग म्हणाल्या, लेखकाची सही लागेल.

आकृतीही नवी जाईल. ती तू काढायचीस. हाताने, माझ्या समोर, माझ्या आकड्यांवरून, सगळे ठिपके. कापऱ्या हाताची सबब ऐकणार नाही. रेघ थरथरली तर थरथरू दे, छापू तशीच.

मंगळवारी दहाला भांडाराच्या दारात उभी असेन. त्याच्याआधी घरी येऊ नकोस, फोन करू नकोस, मुलीकडून निरोप पाठवू नकोस. भेटल्यावर पाया पडायला वाकू नकोस, मी मागे सरकेन.

दोनशे बारा प्लेटा आहेत पेट्यांमध्ये. कितींच्या आकृत्या तू काढल्या होत्यास, ते येताना आठवून ये. एकेक दिव्यासमोर धरणार आहे.

ताई